सुडो परवानगी नाकारतो तेव्हा: मर्यादित अधिकारांच्या खात्याची अडचण कशी शोधावी

नाशिक जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्ष निर्यातीचा हंगाम असतो आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील पॅकहाऊसमध्ये रात्रीही काम चालते. समजा, अशाच एका पॅकहाऊसमध्ये पेट्यांवरची लेबले छापणारा प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर चालतो आणि तो अधूनमधून अडकतो. सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती अंबडच्या कार्यालयात असते, कंटेनर मात्र न्हावाशेव्याकडे निघण्याच्या बेतात दिंडोरीत उभा असतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ही एक सेवा पुन्हा सुरू करता यावी, पण त्यापलीकडे सर्व्हरवर काहीही करता येऊ नये, अशी व्यवस्था 'सुडो' या साधनाने करता येते. ती केली, ऑपरेटरने आज्ञा दिली, आणि सर्व्हरने नकार दिला, तर कोठे काय पाहायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. हा लेख सर्व्हरचे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे.

सुडोचा जन्म १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात झाला. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो प्रथम लिहिला आणि १९९० च्या दशकापासून त्याची देखभाल टॉड मिलर करत आले आहेत. त्यामागची कल्पना साधी आहे. रूट या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड कोणालाही न देता, कोणी, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या नावाने, कोणती आज्ञा चालवावी हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे. वापरणाऱ्याने स्वतःचाच पासवर्ड द्यायचा आणि झालेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद लॉगमध्ये राहायची. नकार मिळाला म्हणजे या चार गोष्टींपैकी एक जुळलेली नाही, किंवा फाइल वाचली गेलेली नाही, किंवा पासवर्डच्या टप्प्यावर गाडी अडली आहे. यांतले नेमके काय घडले हे न शोधता त्या खात्याला सरसकट सगळे अधिकार देऊन टाकणे हा सर्वात जास्त वापरला जाणारा आणि सर्वात वाईट उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांत लिहावीत. उदाहरणातील खात्याचे नाव 'पाळी', गटाचे नाव 'लेबलगट' आणि सेवेचे नाव 'लेबल' असे धरले आहे.

पहिली पायरी: नकाराचा संदेश शब्दशः वाचणे

'सुडो चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून काहीही ठरवता येत नाही. पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यावी किंवा तिचा फोटो मागवावा, कारण सुडो निरनिराळ्या कारणांसाठी निरनिराळे संदेश देतो आणि अर्धे निदान त्या ओळीतच असते.

संदेशात 'इज नॉट इन द सुडोअर्स फाइल' असे शब्द असतील, तर त्या खात्याला लागू पडणारा एकही नियम सुडोला सापडलेला नाही. खाते गटात नसणे, गटात असूनही जुने लॉगिन चालू असणे किंवा नियमाची फाइल वाचलीच न जाणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. याउलट 'सॉरी, यूजर पाळी इज नॉट अलाउड टू एक्झिक्यूट' असे म्हणून पुढे आज्ञा, मग 'अ‍ॅज रूट' आणि शेवटी 'ऑन दिंडोरी' असे लिहून आले, तर चित्र वेगळे आहे. येथे सुडो खात्याला ओळखतो, पण मागितलेली आज्ञा, ती ज्याच्या नावाने चालवायची ते खाते किंवा यंत्राचे नाव यांपैकी काहीतरी नियमाशी जुळत नाही. ही तिन्ही नावे त्याच ओळीत छापलेली असतात, म्हणून ती नियमाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळावीत. तिसरा प्रकार पासवर्डच्या तक्रारीचा. तो आला तर नियमांच्या फाइलला हात लावण्याचे कारण नाही, कारण अडचण ओळख पटवण्याच्या टप्प्यावर आहे. चौथ्या प्रकारात सुडो कोणत्याही खात्याचे नाव न घेता स्वतःच्या फाइलीबद्दल किंवा स्वतःच्या परवानग्यांबद्दल बोलतो, आणि तेव्हा बिघाड एका ऑपरेटरचा नसून सगळ्यांचा असतो.

उबुंटू या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाच्या, २५.१० या आवृत्तीपासून रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो मूळच्या जागी येतो, त्यामुळे तेथे संदेशांची शब्दरचना थोडी निराळी दिसू शकते. तर्क मात्र तोच राहतो.

पडद्यावरच्या ओळीला लॉगची जोड द्यावी. डेबियन आणि उबुंटू या वितरणांच्या कुटुंबात ही नोंद बहुधा /व्हीएआर/लॉग/ऑथ.लॉग या फाइलमध्ये, तर रेड हॅटच्या कुटुंबात /व्हीएआर/लॉग/सिक्युअर या फाइलमध्ये असते. यांपैकी फाइल नसेल तर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने पाहावे. नोंदीत खात्याचे नाव, टर्मिनल, चालू फोल्डर, लक्ष्य खाते आणि पूर्ण मार्गासह आज्ञा असते. 'कमांड नॉट अलाउड' किंवा '३ इनकरेक्ट पासवर्ड अटेम्प्ट्स' असे कारणही तेथे लिहिलेले असते. ऑपरेटरने फोनवर सांगितलेली आज्ञा आणि लॉगमधली आज्ञा यांत पुष्कळदा एखाद्या शब्दाचा फरक निघतो.

दुसरी पायरी: सुडोला स्वतःलाच विचारणे

ऑपरेटरच्या खात्यातून 'सुडो -एल' ही आज्ञा चालवली की त्या खात्याला या यंत्रावर काय काय करता येते त्याची यादी मिळते. व्यवस्थापकाला स्वतःच्या खात्यातून दुसऱ्याची यादी पाहायची असेल, तर 'सुडो -एल -यू पाळी' असे लिहावे. यातला यू कॅपिटल असतो. 'सुडो -एल' नंतर पूर्ण आज्ञा जोडली, तर ती चालणार असल्यास सुडो तिचा पूर्ण मार्ग छापतो. यामुळे हंगामात चालू सेवा प्रत्यक्ष बंद-सुरू न करताच तपासणी होते. नियम बदलल्यावर लगेच चाचणी घ्यायची असेल, तर आधी 'सुडो -के' चालवावे. सुडो एकदा पासवर्ड घेतल्यावर काही मिनिटे तो पुन्हा विचारत नाही आणि या आठवणीमुळे चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो; 'सुडो -के' ती आठवण पुसून टाकतो.

तिसरी पायरी: गट आणि जुने लॉगिन

अधिकार शक्यतो एकेका खात्याला न देता गटाला द्यावेत, म्हणजे माणूस बदलला तरी नियम बदलावा लागत नाही. उबुंटू आणि डेबियनमध्ये पूर्ण अधिकारांचा गट 'सुडो' या नावाचा, तर रेड हॅटच्या कुटुंबात 'व्हील' या नावाचा असतो. एका कुटुंबासाठी लिहिलेल्या सूचना दुसऱ्या कुटुंबातील सर्व्हरवर वापरल्या की नवशिक्याचा पहिला घोटाळा येथेच होतो. मर्यादित अधिकारांच्या ऑपरेटरला या दोन्ही गटांपासून दूर ठेवावे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र गट करावा.

खाते गटात घालण्याची आज्ञा 'यूजरमॉड -एजी लेबलगट पाळी' अशी आहे. यात ए लहान आणि जी कॅपिटल असतो. तो लहान ए विसरला, तर खाते नव्या गटात जाते, पण बाकीच्या सर्व पूरक गटांतून बाहेर पडते. ऑपरेटरच्या बाबतीत यामुळे प्रिंटर वापरण्याची परवानगी वगैरे गमवावी लागते. व्यवस्थापकाने स्वतःच्याच खात्यावर ही आज्ञा अशी चालवली, तर त्याचा सुडोचा अधिकारच जातो.

गटात घातल्यानंतरही तोच नकार आला, तर 'आयडी' आणि 'आयडी पाळी' या दोन आज्ञा ऑपरेटरच्या चालू टर्मिनलमध्ये एकापाठोपाठ चालवून पाहाव्यात. पहिली आज्ञा चालू लॉगिनला मिळालेले गट दाखवते, दुसरी आज्ञा नोंदवहीत आता लिहिलेले गट दाखवते. दुसरीत 'लेबलगट' दिसतो आणि पहिलीत दिसत नाही, तर नियमात काहीही चूक नाही. लॉगिन जुने आहे. गटांची यादी लॉगिनच्या क्षणी ठरते, म्हणून पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत यावे. केवळ टर्मिनलची खिडकी बंद करून चालत नाही, कारण डेस्कटॉपचे लॉगिन तेच राहते. टीमक्स किंवा स्क्रीन या, खिडकी बंद झाली तरी सत्र जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिवसेंदिवस चालू ठेवलेल्या सत्रांनाही जुनेच गट चिकटून राहतात.

चौथी पायरी: नियम वाचणे

नियमांची मुख्य फाइल /ईटीसी/सुडोअर्स ही आहे आणि स्वतःचे नियम /ईटीसी/सुडोअर्स.डी या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत चांगली आहे. यांपैकी कोणतीही फाइल साध्या एडिटरने उघडू नये. 'व्हिसुडो -एफ' आणि पुढे फाइलचा मार्ग असे लिहून ती उघडावी, कारण व्हिसुडो साठवण्यापूर्वी व्याकरण तपासतो आणि चूक असल्यास थांबवतो. तो 'व्हॉट नाउ' असे विचारतो तेव्हा ई दाबून दुरुस्ती करावी किंवा एक्स दाबून न साठवता बाहेर पडावे. कॅपिटल क्यू दाबल्यास चूक तशीच साठवली जाते, म्हणून तो पर्याय वापरू नये. हे काम चालू असताना दुसऱ्या खिडकीत रूटचे एक सत्र उघडे ठेवावे आणि नवा नियम चालल्याची खात्री होईपर्यंत ते बंद करू नये. एवढी एक सवय लावून घेतली, तर मध्यरात्री अंबडहून दिंडोरीला गाडी काढण्याची वेळ टळते.

आपल्या उदाहरणातील नियम असा असेल: '%लेबलगट दिंडोरी = (रूट) /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रिस्टार्ट लेबल.सर्व्हिस'. सुरुवातीची टक्केवारीची खूण गट दाखवते. ती राहिली, तर सुडो 'लेबलगट' नावाचे खाते शोधत बसतो. त्यानंतर यंत्राचे नाव, कंसात लक्ष्य खाते आणि शेवटी आज्ञा येते. आज्ञा पूर्ण मार्गासह लिहावी लागते. तो मार्ग अंदाजाने लिहू नये, त्या यंत्रावर 'विच सिस्टमसीटीएल' चालवून शोधावा.

यंत्राच्या नावाची अडचण तेव्हा येते, जेव्हा एकच फाइल दोन सर्व्हरवर उतरवली जाते. अंबडच्या सर्व्हरवर लिहिलेला आणि 'अंबड' हे नाव असलेला नियम दिंडोरीच्या सर्व्हरवर निरुपयोगी ठरतो. 'होस्टनेम' आज्ञेचे उत्तर आणि नियमातील नाव एकच आहे का ते पाहावे. प्रत्येक सर्व्हरची फाइल वेगळी असेल, तर यंत्राच्या जागी कॅपिटल अक्षरांत 'ऑल' लिहिण्यात काही वावगे नाही; कॅपिटल 'ऑल' धोकादायक ठरतो तो आज्ञेच्या जागी.

लक्ष्य खात्याचे प्रकरणही असेच आहे. कंसात 'रूट' ऐवजी एखादे सेवेचे खाते लिहिलेले असेल, तर ऑपरेटरने 'सुडो -यू' आणि त्या खात्याचे नाव असे लिहूनच आज्ञा द्यायला हवी. येथे यू लहान असतो. नुसते 'सुडो' लिहिले की रूट गृहीत धरले जाते आणि नकार येतो.

सर्वाधिक वेळ मात्र आज्ञेला जोडलेल्या शब्दांत जातो. नियमात नुसता प्रोग्रॅमचा मार्ग लिहिला, तर त्यापुढे कोणतेही शब्द चालतात. मार्गापुढे शब्द लिहिले, तर तेच शब्द, त्याच क्रमाने यावे लागतात. सिस्टमसीटीएलच्या मागे सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या दृष्टीने 'रिस्टार्ट लेबल' आणि 'रिस्टार्ट लेबल.सर्व्हिस' यांचा अर्थ एकच आहे, पण सुडोला सेवा म्हणजे काय हे ठाऊक नसते, तो फक्त अक्षरे जुळवतो. नियमात '.सर्व्हिस' आहे आणि ऑपरेटरने ते लिहिले नाही, की नकार आलाच. उपाय म्हणून दोन्ही रूपे स्वल्पविरामाने नियमात लिहावीत. तारांकनाचा मोह टाळावा, कारण शब्दांच्या जागी आलेला तारा रिकाम्या जागाही गिळतो आणि 'रिस्टार्ट' नंतर वाटेल तितक्या सेवांची नावे चालू लागतात.

नियमांच्या क्रमालाही महत्त्व आहे. एकाच आज्ञेला अनेक नियम लागू पडत असतील, तर शेवटचा नियम चालतो. ऑपरेटरला पासवर्डशिवाय आज्ञा चालवता यावी म्हणून कॅपिटल अक्षरांतील 'नोपासडब्ल्यूडी:' हा शब्द एका ओळीत लिहिला आणि त्याखाली त्याच खात्याला लागू होणारी दुसरी व्यापक ओळ असली, तर पासवर्ड विचारला जातच राहतो. सुडोअर्स.डी मधील फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून त्यांच्या नावांना आकड्याने सुरुवात करणे सोयीचे पडते.

पाचवी पायरी: फाइल वाचली जाते का

सुडोअर्स.डी मधील ज्या फाइलच्या नावात टिंब आहे किंवा ज्याच्या शेवटी टिल्डा (~) आहे, ती फाइल सुडो वगळतो, आणि तेही काहीही न बोलता. '५०-लेबल.कॉन्फ' असे नाव दिले की नियम कितीही बरोबर असला तरी तो अस्तित्वात नसल्यासारखाच असतो. नाव फक्त '५०-लेबल' ठेवावे. मुख्य फाइलमध्ये या फोल्डरचा उल्लेख करणारी 'इन्क्लूडडिर' ओळ शाबूत आहे का तेही पाहावे. जुन्या आवृत्त्यांत या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह असते आणि ती टीप आहे असे समजून कोणी पुसून टाकते, पण येथे तो हॅश आज्ञेचाच भाग आहे. नव्या आवृत्त्यांत त्या जागी ॲटचे चिन्ह येते.

फाइलचा मालक रूट असावा आणि परवानग्या ०४४०, म्हणजे फक्त मालक आणि गटाला वाचण्यापुरत्या, असाव्यात. फाइल सर्वांना लिहिण्यासाठी खुली असेल, तर सुडो ती मानत नाही. शेवटी 'व्हिसुडो -सी' चालवला की सर्व फाइलींची तपासणी एकत्र होते.

सहावी पायरी: पासवर्ड आणि खात्याची स्थिती

सुडो रूटचा नव्हे, ऑपरेटरचा पासवर्ड मागतो, हे नव्या माणसाला आवर्जून सांगावे. ज्या खात्यात केवळ एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याचे साधन) किल्लीने प्रवेश होतो, त्याला पुष्कळदा पासवर्डच दिलेला नसतो आणि मग कोणतेही उत्तर चुकीचेच ठरते. 'पासडब्ल्यूडी -एस पाळी', कॅपिटल एससह, चालवून हे कळते. खात्याची मुदत संपली आहे का ते 'चेज -एल पाळी' दाखवते. चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद करण्याची व्यवस्था चालू असेल, तर 'फेललॉक' ही आज्ञा तसे सांगते. स्क्रिप्टमधून किंवा दूरच्या यंत्रावरून एका ओळीत सुडो चालवताना 'अ टर्मिनल इज रिक्वायर्ड' असा संदेश आला, तर एसएसएचला '-टी' हा पर्याय जोडावा.

दोन नकार सुडोचे वाटतात, पण सुडोचे नसतात. 'सुडो एको' लिहून पुढे बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये मजकूर टाकायला गेल्यास परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचे काम सुडो नव्हे, तर ऑपरेटरचे स्वतःचे शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, करते. तेथे 'सुडो टी' (रोमनमध्ये टी-ई-ई) वापरावे. आणि सुडोमागे आज्ञा 'नॉट फाउंड' आली, तर ती आज्ञा 'सिक्युअर पाथ' या ठरावीक यादीबाहेरच्या फोल्डरमध्ये आहे, म्हणून पूर्ण मार्ग लिहावा.

अधिकार किती द्यावा

अडचण सापडली की नियम दुरुस्त करताना तो गरजेपेक्षा रुंद होणार नाही याची काळजी घ्यावी. व्हीआय हा एडिटर किंवा लेस हा मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम यांसारखा प्रोग्रॅम सुडोने चालवायला दिला, तर त्याच्या आतून रूटचे शेल उघडता येते आणि मर्यादा नावापुरती उरते. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' सुद्धा लांब मजकूर लेसमध्ये उघडतो, आणि स्थिती पाहायला सुडो मुळात लागतच नाही, म्हणून तो नियमात घालू नये. लॉग वाचायचे असतील, तर खाते 'सिस्टमडी-जर्नल' गटात घालावे. स्क्रिप्ट चालवायला द्यायची असेल, तर ती आणि तिचा फोल्डर दोन्ही रूटच्या मालकीचे असावेत, कारण जो माणूस स्क्रिप्ट बदलू शकतो तो रूटच असतो. 'सगळे चालेल, फक्त अमुक नको' अशा उद्गारचिन्हाच्या नियमांवरही विसंबू नये. नको असलेल्या प्रोग्रॅमची दुसऱ्या नावाने प्रत काढली की असा नियम निष्प्रभ होतो.

हंगामी कर्मचाऱ्यांसाठी नियमालाच मुदत घालता येते. सुडोच्या १.८.२० आवृत्तीपासून कॅपिटल अक्षरांतील 'नॉटआफ्टर=' या शब्दापुढे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ सलग आकड्यांत लिहिता येते. शेवटी झेड लावला, तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजली जाते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. ठरल्यापेक्षा भलत्याच वेळी अधिकार संपल्याची तक्रार आली, तर आधी हा झेड पाहावा.

सुडोच बिघडल्यास

कोणत्याही खात्यातून सुडो चालत नसेल आणि संदेशात 'सेटयूआयडी बिट' (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) असा उल्लेख असेल, तर /यूएसआर या फोल्डरवर कोणीतरी सरसकट मालकी किंवा परवानग्या बदलणारी आज्ञा चालवली असण्याची शक्यता मोठी आहे. 'एलएस -एल /यूएसआर/बिन/सुडो' चालवून मालक रूट आहे का आणि परवानग्यांत मालकाच्या जागी एस हे अक्षर आहे का ते पाहावे. डेबियनच्या कुटुंबात या फाइलच्या परवानग्या ४७५५ असतात, रेड हॅटच्या कुटुंबात ४१११. रूटचे सत्र उघडे असेल, तर आधी मालकी आणि मग परवानग्या, याच क्रमाने दुरुस्त कराव्यात, कारण मालकी बदलताना तो एस निघून जातो. सत्र उघडे नसेल आणि रूटचा पासवर्डही ठरवलेला नसेल, तर यंत्रासमोर बसून, ते पुन्हा सुरू करून, ग्रब या, यंत्र सुरू होताना आधी येणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून रिकव्हरी मोडमध्ये जावे लागते. ज्या वितरणात रिकव्हरी मोड बंद रूट खात्यामुळे आत घेत नाही, तेथे इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून मूळ डिस्क जोडून घ्यावी. दोन्ही मार्गांत डिस्क लिहिण्यासाठी खुली आहे याची आधी खात्री करावी. रिकव्हरी मोडमध्ये ती पुष्कळदा केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते आणि 'माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /' चालवल्यावरच दुरुस्ती साठते. अशा बदलात सुडोबरोबर 'एसयू' आणि 'पासडब्ल्यूडी' यांचेही एस निघून गेलेले असतात, म्हणून त्यांच्याही परवानग्या त्याच बैठकीत तपासाव्यात.